खर्च वाढला तरी भाव पडला

"अगं, खर्च वाढलाय ना लोकांचा? मग पडतोय कशाला?" एवढं बोलून माझा नवरा मिक्सरच्या खोक्यांवर आडवा झाला.

आधी हातातला मोबाईल पडला, मग चष्मा, मग ते स्वतः. खोकी भरलेली होती म्हणून ती दबली नाहीत. अर्धं अंग वर आणि अर्धं खाली असे ते लटकले. सदरा घामाने पाठीला चिकटलेला, तोंडाचा रंग राखेसारखा. सकाळची वेळ होती, दुकान नुकतंच उघडलं होतं, देवापुढची उदबत्तीही अजून जळत होती.

मी ओरडले नाही. काखेत हात घालून ओढायला लागले. सत्तरीच्या बाईने आपल्याहून जड म्हाताऱ्याला ओढायचं म्हणजे काय असतं, ते ज्याने केलं त्यालाच कळेल. मुलगा मागे गोदामात कूलरची खोकी फोडत होता, तो धावत आला. शेजारचा सोडावाला तर बाटली घेऊनच आला.

"भाभी, गॅस है. सोडा पिला दो, अभी उठके बैठेंगे."

आमच्या बुऱ्हाणपुरात छातीत दुखलं की तो गॅसच असतो. माझ्या सासऱ्यांनाही गॅसच झाला होता आणि त्याच गॅसने ते संध्याकाळपर्यंत गेले. म्हणून मी बाटली बाजूला सारली आणि मुलाला म्हटलं, "टेम्पो काढ."

"आई, अँब्युलन्स बोलावतो ना."

"ती येईल तेव्हा येईल. टेम्पो दारात उभा आहे."

ज्या टेम्पोतून आम्ही गिऱ्हाइकाच्या घरी फ्रीज पोचवतो, त्यातच पुठ्ठे अंथरून त्यांना घातलं. मी त्यांचं डोकं मांडीवर धरून बसले. गल्लीतले लोक बघत होते. बघू देत म्हटलं.

गावातल्या दवाखान्यात डॉक्टरांनी छातीला वायरी लावून ईसीजीची पट्टी काढली, एक सुई दिली आणि म्हणाले, "इथे ठेवू नका. इंदूरला न्या, नाहीतर जळगावला." इंदूर लांब पडतं. जळगाव ठरलं. आता खरी अँब्युलन्स मिळाली, नाकाला नळी लागली आणि आम्ही रावेरच्या रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा आणि पुढे केळीने भरलेले ट्रक. भोंगा वाजवला तरी ट्रकवाले सावकाश बाजूला होत होते.

म्हातारे मधेच डोळे उघडून म्हणाले, "मोबाईल कुठाय?"

"माझ्या पिशवीत."

"बघ ना, भाव किती आहे आता."

"तुमचा किती आहे ते आधी बघू. गप पडा."

"पोराला विचार, विकून टाकायचं का."

"अहो, गप पडा म्हणते ना!"

ते गप पडले. ते इतक्या लवकर माझं ऐकत नाहीत, म्हणून त्या वेळी मला पहिल्यांदा भीती वाटली. हा माणूस जळगावपर्यंत पोचतो की नाही, एवढाच विचार डोक्यात होता. बाकी शेअर, भाव, पैसे यांचं मला त्या रस्त्यावर काही वाटलं नाही. ते नंतर बाकड्यावर बसल्यावर आठवलं, कारण बाकड्यावर दुसरं काही करायला नसतं.

आमचं दुकान पंखे, मिक्सर, कूलर, फ्रीज आणि टीव्ही यांचं आहे. विकायचा एक टीव्ही आम्ही दिवसभर चालू ठेवतो, त्याशिवाय गिऱ्हाइकाला चित्र कसं कळणार? पूर्वी त्यावर भजनं असायची. एकदा मुलाने शेअर बाजाराची वाहिनी लावली. तिच्यावर खाली लाल-हिरवे आकडे पळत असतात, चित्र उठून दिसतं, गिऱ्हाईक थांबून बघतं. टीव्ही खपावा म्हणून लावलेली ती वाहिनी. गिऱ्हाईक बघून निघून जायचं. म्हातारे मात्र दिवसभर समोर बसलेले. बघून बघून त्यांना त्यातलं कळायला लागलं, म्हणजे कळतं असं वाटायला लागलं.

एकदा दुपारी मला सांगत होते, "हा आकडा बघ. देशातले लोक किती खर्च करतात त्याचा आहे."

"मोजतं कोण?"

"सरकार मोजतं, कंपन्या मोजतात. कुणी साबण घेतला, कुणी गाडी घेतली, फ्रीज घेतला, सगळं मोजतात. लोक खर्च करतात म्हणजे माल उठतो. माल उठला की कंपनीला नफा. नफा दिसला की शेअर वर."

"आणि लोकांनी हात आखडला तर?"

"का आखडतील? तू रोज दुकानात बसतेस ना? तुला दिसत नाही?"

दिसत होतं. त्या वर्षी आमच्या दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. निंबोल्याकडची माणसं येत, पार देडतलाईकडूनही येत. लग्नसराई होती आणि रुखवतात मांडायला सगळ्यांना मोठं काहीतरी हवं होतं. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. मी तिला नेहमीचा छोटा फ्रीज दाखवला.

"हा नको काकू. दोन दरवाजांचा द्या. व्याह्यांनी बघत राहिलं पाहिजे."

"व्याह्यांच्या घरात तो ठेवायला जागा आहे का?"

"नसली तर पाडतील एखादी भिंत."

नवरा म्हणाला, "काकू, हिचं ऐकू नका, मधला द्या." तिने त्याच्याकडे नुसतं बघितलं. मोठाच गेला.

ती माणसं गेल्यावर म्हातारे टेबलावर बोट आपटून म्हणाले, "ही बघ पब्लिक! टीव्हीवाले तिकडे बसून आकडे सांगतात, मी इथे गल्ल्यावर बसून बघतो. मला त्यांच्या आधी कळतं."

मग त्यांनी मुलाकडून मोबाईलवर खातं उघडून घेतलं आणि ज्या कंपनीचे कूलर आणि फ्रीज आमच्याकडे सगळ्यात जास्त जात होते, तिचे शेअर घेतले. म्हातारपणी मुलापुढे हात पसरायला लागू नये म्हणून आम्ही दोघांनी जे बाजूला ठेवलं होतं, ते सगळं तिथे गेलं. मला नंतर कळलं.

"विचारायचं तरी होतं," मी म्हटलं.

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस."

"मग बरं केलंत. माझा नकार वाया गेला असता."

काही महिने तो शेअर चढत राहिला. म्हातारे सकाळी शीळ घालत दुकानात जायचे. सोडावाल्याला बाजार शिकवायचे. जैनाबादहून माझी नणंद आली, तिलाही शिकवलं. ती म्हणाली, "दादा, मला पाण्याचा नळ कधी येतो तेवढं सांग, बाकी राहू दे."

आता इथे काय चुकलं ते सांगते. आमच्या गावचा खर्च केळीच्या भावावर चालतो. केळीला भाव असला की लग्नं मोठी होतात, घरांना रंग लागतो, मोटारसायकली येतात, फ्रीजचे दरवाजे वाढतात. भाव पडला की तीच माणसं जुना पंखा दुरुस्तीला घेऊन येतात आणि गुंडाळलेली तार बदलायला किती घेणार म्हणून घासाघीस करतात. त्या वर्षी पलीकडे रावेरच्या बाजूला वादळाने बागाच्या बागा झोपल्या होत्या आणि आमच्या बाजूच्या उभ्या राहिल्या. व्यापारी बांधावर येऊन भाव देत होते. त्यातला पैसा आमच्या दुकानात आला. हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. जन्म इथेच गेला. पण गिऱ्हाईक दारात रांग लावून उभं असलं की माणसाला तेवढीच रांग दिसते. सगळा देश केळी पिकवत नाही, हे कुणाच्या मनात आलं नाही.

तिकडे वर उत्तरेत त्या उन्हाळ्यात पाऊस पडत राहिला होता. लोकांनी मागच्या वर्षीचेच कूलर बाहेर काढले नाहीत, मग नवे कशाला घेतील? शहरातल्या पगारदारांनी म्हणे हात आखडला होता. हे सगळं टीव्हीवर सांगत होते. पण टीव्हीवर सांगतात ते आणि दुकानात दिसतं ते वेगळं असलं की आपण आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवतो. चूक आहे असंही म्हणता येत नाही.

म्हातारे पडले त्याच्या आदल्या संध्याकाळी लोकांच्या खर्चाचा नवा आकडा आला. खर्च वाढला, पण अपेक्षेपेक्षा कमी, असं टीव्हीवरची मुलगी म्हणाली. म्हाताऱ्यांनी पहिलं अर्धं ऐकलं. "वाढलाय," म्हणाले आणि दोन पोळ्या जास्त खाल्ल्या. सकाळी बाजार उघडला आणि त्यांचा शेअर खाली जायला लागला. बघता बघता काही महिन्यांचं चढलेलं गेलं, मग घरचं जायला लागलं. ते मोबाईल हलवून हलवून बघत होते, जसा काही त्यात बिघाड असावा. आणि मग तो प्रश्न विचारून पडले.

जळगावला त्यांना आत नेलं. दार बंद झालं. मुलगा कागदांवर सह्या करायला गेला. मी बाहेर बाकड्यावर बसले आणि त्यांचाच प्रश्न माझ्या डोक्यात फिरत राहिला. खर्च वाढला तर भाव पडतो कशाला? मी चौथी शिकलेली बाई. मला बाजार कळत नाही. पण मला विहीण कळते.

माझ्या धाकट्या जावेच्या मुलीचं लग्न होतं. विहिणीला आहेर करायला आम्ही जरीकाठाचं चांगलं रेशमी लुगडं घेतलं होतं. चांगलं म्हणजे खरंच चांगलं, मी स्वतः निवडलं होतं. पण लग्नाआधी कुणीतरी तिकडे जाऊन सांगून आलं, तुम्हाला शालू येणार आहे. मांडवात लुगडं हातात पडलं आणि बाईचं तोंड उतरलं. तिने ते उलटून पाहिलं नाही. जेवताना मठ्ठा आंबट आहे म्हणाली, वांगी कच्ची आहेत म्हणाली. शालूचं कुणी बोललं नसतं तर तेच लुगडं तिने गावभर मिरवलं असतं. हातात काय पडलं ते ती बघतच नव्हती. काय पडणार होतं ते मनात धरून बसली होती आणि त्यातून हातातलं वजा करत होती.

बाजार तसाच असावा. लोकांनी जास्त खर्च केला तरी पुरत नाही. लोक जितका करतील असं आधीच धरलेलं असतं, त्यापेक्षा जास्त करायला लागतो. पुढे दिवाळीनंतर याच्या उलटा आकडा आला, लोकांनी धरल्यापेक्षा जास्त खर्च केला, आणि त्याच कंपनीचा शेअर चढला म्हणतात. तेव्हा बुऱ्हाणपुरात केळीला कुणी विचारत नव्हतं आणि आमच्या दुकानात माशा बसल्या होत्या.

थोड्या वेळाने एक तरुण डॉक्टर बाहेर आले, हातात कागद. "तंबाखू खातात का?"

मुलगा म्हणाला, "नाही, सोडली."

मी म्हटलं, "रोज खातात. पुडी गल्ल्याच्या स्टुलाखाली असते."

मुलगा माझ्याकडे बघतच राहिला. डॉक्टरांनी लिहून घेतलं आणि आत गेले. मला तेव्हा ती सरकारी पाहणीवाली पोरगी आठवली. वर्षभरापूर्वी आमच्या घरी आली होती, हातात पाटीसारखा मोठा मोबाईल. घरात काय काय खर्च होतो ते विचारत होती. तेल किती, डाळ किती, साबण किती, चहा किती. बिचारी भर उन्हात हिंडत होती. मी तिला पाणी दिलं, बसायला दिलं आणि जमेल तेवढं खरं सांगितलं. तेल मात्र मी थोडं कमीच सांगितलं. कुणी जास्त विचारलं की बाई कमी सांगते, ही सवय आहे. समोरच्या बाईने तर सगळंच निम्मं सांगितलं, न जाणो रेशनकार्ड बंद करतील.

मग त्या पोरीने विचारलं, "पान, तंबाखू?"

म्हातारे खाटेवरून म्हणाले, "शून्य."

"शून्य लिहू ना आजी?"

"लिही. त्यांच्या तोंडात आत्ता काय आहे ते विचारू नकोस. सांगायला थुंकावं लागेल."

पोरगी हसली, म्हातारे चिडले, आणि तिने शून्यच लिहिलं, कारण ज्याचं त्यानेच सांगायचं असतं म्हणाली. तिचा आकडा आणि टीव्हीवरचा आकडा एकच होता की नाही, मला ठाऊक नाही. बहुधा नसेल. पण कुठल्याही आकड्याच्या तळाशी कुणीतरी असाच खाटेवर बसलेला असणार. त्यावर कुणी पैसे लावतं, कुणी काढतं. मोजणाऱ्यांना मी खोटं म्हणत नाही. मोजल्याशिवाय कळणार तरी कसं? फक्त जे मोजलं जातं ते आम्हीच असतो, आणि आम्ही कसे आहोत ते मला माहीत आहे.

संध्याकाळी डॉक्टर म्हणाले, "एक नळी पूर्ण बंद होती. उघडली आहे, आत स्प्रिंग बसवली. पण हृदयाला बराच धक्का बसलाय. दोन दिवस काढू द्या, मग सांगतो."

नातेवाइकांचे फोन येत होते. सगळ्यांचं एकच, शेअर बाजाराने घात केला. मी डॉक्टरांना सरळ विचारलं, "बाजाराने झालं का हे?"

"आजी, ही नळी एका सकाळी बंद होत नाही. वर्षानुवर्षं भरत आली होती. आज नाही तर नंतर कधीतरी, जिना चढताना, जेवताना, कधीही झालं असतं."

नातेवाइकांना मी तसं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. बाजारावर ढकलणं सोपं होतं.

माझ्याबरोबर बाकड्यावर एक बाई होती, सावद्याकडची. तिचा नवरा आत आमच्या म्हाताऱ्यांच्या शेजारच्याच खाटेवर होता. शाळेतून निवृत्त झालेला कारकून. तिने डब्यातली अर्धी भाकरी मला दिली, मी खाल्ली.

"आमच्या ह्यांना कसलंच व्यसन नाही हो," ती म्हणाली. "रोज पहाटे चालायला जातात. तुमच्या ह्यांना कशाने आला?"

"केळीने."

"जास्त खाल्ली काय?"

"छे. लोकांनी विकली, ह्यांना आनंद झाला."

ती हसली. मग आम्हा दोघींना कळलं की हसणं बरोबर नाही, आणि तिने डब्याचं झाकण लावलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगा मोबाईल घेऊन आला. "आई, अजून पडतंय. विकू का?"

"त्यांचं आहे. त्यांना विचार."

"त्यांना आत्ता कसं विचारू?"

"मग नको विचारू. बोलायला लागले तर बघू."

थोडा वेळ मला आत सोडलं. अंगाला वायरी, डोक्याजवळच्या पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारतेय. म्हातारे त्या रेघेकडेच बघत होते. सवय जात नाही.

"खर्च वाढला होता गं," हळू आवाजात म्हणाले.

"वाढला होता. त्यांनी जास्त धरला होता." आणि मी त्यांना विहिणीच्या लुगड्याचं सांगितलं. त्यांना ते लग्न आठवत होतं, मठ्ठासुद्धा आठवत होता.

म्हणाले, "मग शालूच द्यायला हवा होता."

"शालू दिला असता तर पुढच्या सणाला पाटल्या धरून बसली असती."

ते हसायला गेले आणि त्यांना खोकला आला. रेघ वेडीवाकडी झाली, काहीतरी वाजायला लागलं, नर्स धावत आली आणि मला बाहेर काढलं. "आजी, काय बोललात हो त्यांच्याशी?" मी बाकड्यावर येऊन बसले. दार बंद होतं. आत माणसांची धावपळ ऐकू येत होती, आणि ती कुठल्या खाटेकडे चालली आहे ते बाहेरून कळत नव्हतं. सावद्याची बाई आणि मी, दोघी दाराकडे बघत बसलो. तिने माझा हात धरला होता. मी धरू दिला.

दुपारी डॉक्टर बाहेर आले आणि तिच्यापुढे उभे राहिले.

तिचा नवरा गेला. त्याने कधी शेअर घेतला नव्हता, तंबाखू खाल्ली नव्हती. माझा नवरा जगला.